पूर्ण श्वासाचा ‘नको’

डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात एकदा एक सनईवादक राहत होता. त्याचे नाव यमाजी. देवीचे देऊळ डोंगरमाथ्यावर होते आणि गावापासून देवळापर्यंत दगडी पायऱ्यांची उभी वाट होती. चैत्री पौर्णिमेला आणि कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला देवीची पालखी गावातून निघून वर देवळात जाई. पालखीच्या पुढे सनई वाजवत चालण्याचा मान यमाजीच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. त्या मानाला एक नेम जोडलेला होता. पहिल्या पायरीवर सुरू झालेली सनई देवळाच्या दारापर्यंत खंडित होता कामा नये.

यमाजीचे वादन गोड होते आणि स्वभाव त्याहून गोड. बारसे असो, मुंज असो, लग्न असो, दारात सनई यमाजीची. आणि सनई झाली की पंगतीत पहिले पानही यमाजीचे. “कलावंत माणूस, पोटभर जेवला पाहिजे,” असे म्हणत जो तो त्याच्या पानात दोन घास अधिकच वाढी. यमाजी हसून मान हलवी, हात आडवा धरल्यासारखा करी आणि वाढलेले सारे संपवी. पान रिकामे झाले की वाढणारा पुन्हा समोर उभा. असे करता करता त्याचा देह फुगत गेला. बाराबंदीचे बंद पुरेनात. जोत्यावरून उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागू लागला. यमाजीच्या ते ध्यानात येत होते. पण सण संपल्यावर बघू, असे तो मनाशी म्हणे, आणि आपल्याकडे सण संपतात कधी?

एका चैत्रात व्हायचे तेच झाले. पालखी अर्धा डोंगर चढून आली. वाट जिथे एकदम उभी होते त्या वळणावर यमाजीची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. त्याने गाल फुगवून सूर धरून ठेवला, पण आतून श्वास येईना. सनईतून नुसती हवा फुसफुसली आणि ती गप्प झाली. संबळ थांबला. भोई थांबले. पालखी त्यांच्या खांद्यावर तशीच, आणि मागे सगळे गाव त्या वळणावर ताटकळत उभे राहिले. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणाले, “देवी निघाली हो वर, पण यमाजीचं पोट तिला वाट देईना!” त्यावर हशा पिकला. पहिले हसू देवस्थानच्या कारभारी शेठजींचे होते. गावात त्यांचा तूप-गुळाचा मोठा व्यापार होता आणि सर्वांत घसघशीत पंगतीही त्यांच्याच वाड्यावर उठत.

दुसऱ्या दिवशी यमाजी बुवांकडे गेला. बुवा म्हणजे त्याचे गुरू. वयाने थकलेले, दात गेल्यामुळे सनई सुटलेली. पण कान मात्र अजून तरुण. नदीकाठच्या झोपडीत ते एकटे राहत.

“बुवा, माझा दम गेला,” यमाजी म्हणाला.

बुवांनी त्याला आपादमस्तक पाहिले. “दम गेलेला नाही. दाबला गेलाय. वरचं ओझं काढ, तो आपोआप वर येईल.”

“औषध सांगा.”

“औषध कसलं रे? सकाळी सनई घेऊन पायऱ्या चढत जा. भूक लागली की जेव, आणि आणखी दोन घास खावेसे वाटत असतानाच ऊठ. गोडाशी वैर धरू नकोस, पण त्याचा चाकरही होऊ नकोस. एवढं पुरे.”

यमाजीने ते मनावर घेतले. बायको ज्वारीची भाकरी थापी, भाजी करी, वर ताक. पहिले काही दिवस भुकेने जीव कासावीस झाला. पुढे पुढे भूक ओळखीची झाली. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवरून तो जपून वर जाई, वर पोचल्यावर देवीपुढे वाजवी आणि उतरे. आषाढ गेला, श्रावण गेला. बाराबंदीचे बंद पुन्हा बांधता येऊ लागले. दसऱ्याला तो त्या उभ्या वळणावर न थांबता वाजवत पुढे गेला, तेव्हा आनंदाने त्याचे डोळे भरून आले. त्रिपुरी पौर्णिमा आता दूर नव्हती. तेव्हा गावाला दाखवून द्यायचे, असा त्याने मनोमन निश्चय केला.

पण दसरा आणि त्रिपुरी पौर्णिमा यांच्यामध्ये दिवाळी उभी असते.

नरकचतुर्दशीला यमाजी सावरून राहिला. पाडव्यालाही राहिला. भाऊबीजेला तो नदीपलीकडच्या गावी आपल्या बहिणीकडे, गिरजेकडे गेला. तिने ओवाळले आणि फराळाचे ताट पुढे ठेवले. करंज्या, अनारसे, बेसनाचे लाडू, चकल्या, कडबोळी. यमाजीने एक करंजी आणि एक चकली खाल्ली. खरोखर चवीने खाल्ली आणि पाण्याचे भांडे तोंडाला लावले.

“हे काय, दादा?” गिरजा म्हणाली. “एवढ्यात?”

“नको गं. पोट भरलं.”

“वर्षातून एकदा येतोस. पहाटे उठून तळलंय मी सगळं. कुणासाठी तळलंय?”

“तसं नाही गं…”

“मग कसं? एका लाडवानं काय होतंय?” असे म्हणता म्हणता तिच्या डोळ्यांत पाणी तरळले. “आई असती तर असा उठला असतास पानावरून?”

यमाजीने लाडू उचलला. मग दुसरा. मग अनारसे. बहिणीचा चेहरा उजळला, तसा तो खातच राहिला. घरी परतताना त्याचे पाऊल जड होते आणि मन त्याहून जड. सकाळी पायऱ्या चढायला निघाला, तर पोटात दगड ठेवल्यासारखे झाले. पहिल्या टप्प्यावरूनच तो मागे फिरला. वाटेत त्याच्या मनाने एक कावेबाज वाक्य रचले: ‘मोडलेच आहे, तर आता पौर्णिमेनंतर पुन्हा बघू.’ त्या एका वाक्याने मोकळीक मिळाली. घरी डबे भरलेले होते, शेजाऱ्यांची ताटे येत होती. जाता-येता मूठभर चिवडा, दुपारी शंकरपाळे, संध्याकाळी उरलेला लाडू. पायऱ्या सुटल्या. नदीकाठची वाटही सुटली, कारण त्या वाटेवर बुवांची झोपडी होती.

शेवटी बुवाच काठी टेकत त्याच्या दारात आले. यमाजी खाली मान घालून उभा राहिला.

“मोडलं, बुवा. भाऊबीजेलाच मोडलं.”

“वाजवताना एखादा स्वर घसरला, तर तू सनई नदीत फेकून देतोस का?”

“नाही.”

“मग काय करतोस?”

“पुढचा स्वर नीट लावतो.”

“मग हे फेकून द्यायची एवढी घाई कशाला केलीस?” बुवा ओट्यावर बसले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “बरं, गिरजा वाढत होती तेव्हा तू काय म्हणालास?”

“नको म्हणालो की.”

“कसं? म्हणून दाखव.”

यमाजीने संकोचत म्हटले, “नको… नको गं…”

बुवा डोळे मिटून ऐकत होते. ते मोठ्याने हसले. “अरे, हे तर ‘वाढ’ झालं! शब्द ‘नको’चे आणि सूर ‘वाढ’चा. तिची काय चूक? तिनं सूर ऐकला.” मग काठीवर जोर देऊन उठत ते म्हणाले, “उद्या शेठजींकडे तुळशीच्या लग्नाचं जेवण आहे. तुला बोलावणं आहे, मलाही आहे. आपण दोघं जाऊ.”

यमाजी दचकला. “मला वाटलं, तुम्ही जाऊ नको म्हणाल.”

“घरात बसून नकार पाठ होत नाही,” बुवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वाड्याच्या चौकात पंगत बसली. केळीची पाने, रांगोळ्या, उदबत्तीचा आणि साजूक तुपाचा वास. मसालेभात आला, मठ्ठा आला, आणि मग परातीतून पाकात निथळणाऱ्या केशरी जिलब्या आल्या. शेठजी स्वतः आग्रह करायला उतरले. कमरेला रेशमी उपरणे बांधलेले, हातात जिलब्यांचे ताट, आणि चालताना डावा पाय किंचित लंगडत. पंगतीच्या एका टोकापासून त्यांचा आवाज घुमू लागला. “अहो, एकानं काय होतंय? सणाचा दिवस आहे! माझी शपथ आहे तुम्हाला!” ज्याच्यापुढे ते उभे राहत, तो मान तुकवी आणि पान पुढे करी.

ते बुवांसमोर आले. बुवांनी एक जिलबी आवडीने खाल्ली होती. शेठजींनी चार जिलब्या उचलल्या, एवढ्यात बुवांनी एक अशी गोष्ट केली, की यमाजीच्या हातातला घास हातातच राहिला.

बुवा पानावरून उठले. भरल्या पंगतीतून, सर्वांचे जेवण चालू असताना. त्यांनी शेठजींच्या हातातले ताट अलगद आपल्या हातात घेतले आणि म्हणाले, “शेठजी, सकाळपासून तुम्ही उपाशीपोटी वाढताय. बसा तुम्ही. आज मी वाढतो.”

“छे, छे, बुवा! हे भलतंच!”

“बसा हो.” बुवांनी एक जिलबी त्यांच्या तोंडापुढे धरली. “घ्या.”

“नको, मला चालत नाही.”

“एकानं काय होतंय?”

“वैद्यांनी गोड वर्ज्य सांगितलंय. पायाची जखम भरत नाही माझ्या…”

“सणाचा दिवस आहे, शेठजी. माझी शपथ आहे तुम्हाला.”

“बुवा, एकदा सांगितलं ना!” शेठजी गरजले. “नको म्हणजे नको!”

मठ्ठा वाढणारे जागच्या जागी थबकले. यमाजीला धरणी दुभंगावी असे वाटले. जो माणूस आयुष्यात कोणाला वावगा शब्द बोलला नाही, त्याने भर पंगतीत यजमानाला असे का डिवचावे? म्हातारपणी बुवांना झाले तरी काय?

बुवांनी जिलबी ताटात परत ठेवली. ताट शेठजींच्या हाती दिले आणि खाली वाकून दोन्ही हात जोडले. “क्षमा करा. पथ्य मोडू नका, तब्येतीला जपा.” मग यमाजीकडे वळून ते फक्त एवढेच म्हणाले, “ऐकलंस?” आणि पानावर जाऊन बसले.

शेठजींचा चेहरा लाल झाला होता. भर पंगतीत गेलेला तोल सावरण्यासाठी त्यांना कोणीतरी मऊ माणूस हवा होता. तो शेजारीच बसला होता.

“वय झालं की असं होतं,” ते मोठ्याने म्हणाले. “यमाजी, तू तरी घराचा मान ठेव. घे.” आणि त्यांनी जिलब्यांची चळत त्याच्या पानावर धरली.

यमाजीने पानावर हात आडवा ठेवला. या वेळी तो हात अर्धवट नव्हता. बोटे पसरून, तळहात पालथा, पानाला झाकून. त्याला वाटले होते, आवाज कापेल. पण तो सनईच्या पहिल्या स्वरासारखा नाभीतून आला.

“नको.”

“अरे, एक तर…”

“नको, शेठजी. जेवण उत्तम झालं. मी तृप्त आहे.”

“माझ्या घरी येऊन अन्नाला नाही म्हणतोस? दोघे गुरुशिष्य ठरवूनच आलात का माझा अपमान करायला?”

पूर्वीचा यमाजी इथे विरघळला असता. पण त्याला चैत्रातले ते वळण आठवले. त्याने मान वर केली.

“शेठजी, पायऱ्यांवर मला धाप लागली, तेव्हा सगळ्यांत आधी तुम्ही हसलात. आणि मला सगळ्यांत जास्त वाढलंत तेही तुम्हीच. इतकी वर्षं मी दोन्ही मुकाट्यानं घेतलं. हसू तुमचं होतं, ते तुमच्यापाशी. पोट माझं आहे. त्यात किती जायचं, ते मी ठरवीन.”

पंगतीत कोणी खोकले. कोणी पानाकडे पाहू लागले.

“असं?” शेठजी थंडपणे म्हणाले. “मग पौर्णिमेला पालखीपुढे कोणी चालायचं, ते मी ठरवीन. तालुक्याहून दुसरा सनईवाला आणतो.”

पिढ्यान्‌पिढ्यांचा मान एका वाक्यात गेला. यमाजीच्या काळजात कळ उठली. पण पानावरचा हात उठला नाही.

“आणा,” तो म्हणाला. “पुढं चालणं तुमच्या हातात आहे. पायऱ्या चढणं नाही. मी मागून चढेन.”

परतीच्या वाटेवर दोघे नदीकाठी आले. तेव्हा यमाजीने विचारले, “बुवा, तुम्ही असं का केलंत? बिचाऱ्यांना सगळ्यांसमोर उघडं पाडलंत.”

बुवा काठावरच्या दगडावर टेकले. “त्याचं मलाही वाईट वाटलं, म्हणून हात जोडले. पण मला तुला एक स्वर ऐकवायचा होता, आणि या गावात तो त्यांच्याइतका शुद्ध कुणाला लागत नाही. ते नको म्हणाले, तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं का? बुवा रागावेल, बुवाला काय वाटेल, असं काही मनात आणलं का? त्यांनी आपल्या पायाच्या जखमेकडे पाहिलं आणि बोलले. तू नको म्हणताना समोरच्याचा चेहरा न्याहाळतोस. म्हणून तुझं सांगणं सांगणं राहत नाही, ते विचारणं होतं. आणि विचारलं की समोरचा उत्तर देणारच. आग्रह करणारा वाईट नसतो, यमाजी. त्याच्या वाढण्यात माया असते आणि थोडा मोठेपणाही असतो, एकाच वाटीत कालवलेला. माया तेवढी घे. ती घ्यायला पोट लागत नाही. बाकीचं परत कर, हसून कर, पण पूर्ण श्वासानं कर. अर्धा श्वास सनईला चालत नाही, तसा नकारालाही चालत नाही.”

यमाजीने पाण्याकडे पाहिले. तो म्हणाला, “मान गेला, बुवा.”

“गेला,” बुवा म्हणाले. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. “नकाराची किंमत पडते. पडली नसती, तर सगळ्यांनाच तो जमला असता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी यमाजी पुन्हा पायऱ्यांवर होता. दिवाळीने आणलेले जडपण अंगात होते, ते त्याने नाकारले नाही. ज्या पायरीवर थांबावे लागले तिथे थांबला आणि पुन्हा चढला. उतरल्यावर तो तसाच नदी ओलांडून गिरजेकडे गेला. ती फराळाचा डबा आणायला वळली, तेव्हा त्याने तिचा हात धरला. “डबा राहू दे. तू बस. तुझ्याशी बोलायला आलोय.” दोघे भावंडे दुपारपर्यंत आईच्या आठवणी काढत बसली. निघताना गिरजेने विचारले, “रागावला नाहीस ना?” तो म्हणाला, “रागावलो असतो, तर आलो असतो का?” ती म्हणाली, “मग पौर्णिमेला मी येईन तुझ्याबरोबर चढायला.”

त्रिपुरी पौर्णिमेला तालुक्याचा सनईवाला आला. तरुण होता, आणि खोटे कशाला सांगावे, चांगला वाजवत होता. तो पालखीपुढे, भरजरी फेटा बांधून. यमाजी पालखीच्या मागे, बायाबापड्यांच्या घोळक्यात, आणि त्याच्या शेजारी गिरजा. पहिल्या पायरीवर पुढची सनई सुरू झाली, तशी यमाजीनेही आपली ओठांना लावली. काही जणांनी मागे वळून पाहिले. कोणीतरी कुजबुजले. यमाजीने त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिले नाही.

ते उभे वळण आले. त्याची छाती भरून आली, मांड्या थरथरल्या. त्याने सूर थोडा खाली घेतला, पण सोडला नाही. श्वास आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला, आणि वळण मागे पडले. तेव्हा त्याला इतकेच कळले, की घोळक्यातली माणसे त्याला वाट करून देत होती. खाली नदीकाठी, झोपडीच्या दारात बसलेले बुवा डोंगरावरून उतरणारे दोन सनयांचे स्वर कान देऊन ऐकत होते. मागचा स्वर कोणता, ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

देवळाच्या दारात सनया थांबल्या. दीपमाळ पेटली. यमाजी घामाने निथळत कठड्याला टेकून उभा होता. प्रसादाचे ताट घेऊन शेठजी लोकांमधून फिरत फिरत त्याच्यापुढे आले. दोघांची नजरानजर झाली. शेठजींनी त्याच्या हातावर एक पेढा ठेवला. यमाजीने तो कपाळाला लावला आणि सावकाश, जिभेवर विरघळवत खाल्ला. चढून आलेल्या भुकेला तो अमृतासारखा लागला.

सवयीने शेठजींची बोटे दुसऱ्या पेढ्याकडे गेली आणि ताटावरच थबकली.

“पुरे?” त्यांनी विचारले. कोणाला काही वाढताना ते प्रथमच विचारत होते.

“पुरे,” यमाजी म्हणाला.

शेठजींनी मान हलवली. त्यांनी दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला आणि ते पुढच्या माणसाकडे वळले.

सण पुन्हा येतील, पाने पुन्हा मांडली जातील आणि वाढणाऱ्यांच्या मायेला कधी तोटा नसेल. आपल्याच पानावर आपला हात पुरता पालथा ठेवता येतो का, एवढे मात्र ज्याचे त्याने पाहावे.